आर्डिसचं ट्यूना हॉटडिश

व्हर्लिन स्कॉगस्टाडने सहाव्यांदा ट्यूना हॉटडिश केलं आणि सहाव्यांदा ते चुकलं. आता चुकलं म्हणजे काय, हेही त्याला धड सांगता येईना. ट्यूना माशाबरोबरच्या नूडल्स शिजल्या होत्या, वाटाणे जागच्या जागी होते, ओव्हनमध्ये वरचा थर खरपूस झाला होता. दुसऱ्या कुणी खाल्लं असतं तर मिटक्या मारल्या असत्या. पण ते आर्डिसचं नव्हतं.

आर्डिस, त्याची बायको, मार्चमध्ये गेली. आणि सप्टेंबरच्या एका रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर मर्नाने त्याला गाठलं. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर सांभाळणारी ही बाई 'नाही' ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हे.

"सुगीच्या जेवणाला आर्डिसचं हॉटडिश असेल ना रे? एकतीस वर्षं त्या टेबलावर तिची जागा ठरलेली आहे. नसेल जमत तर सांग, तिथे जेलोचं भांडं ठेवते."

जेलो! आर्डिसच्या जागी थुलथुलीत हिरवा जेलो! व्हर्लिन "असेल" म्हणून मोकळा झाला. घरी येऊन स्वयंपाकघरात उभा राहिला, तेव्हा आपण काय कबूल करून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळलेला माणूस. स्टोव्हशी त्याचा संबंध कॉफी गरम करण्यापुरता.

आर्डिसच्या पत्र्याच्या डब्यात पाककृतींची दोनेकशे कार्डं होती. लोणची होती, रुबार्बच्या वड्या होत्या, न आवडणाऱ्या नणंदेचा केकसुद्धा होता. ट्यूना कुठेच नाही. व्हर्लिनने डबा टेबलावर उपडा केला, एकेक कार्ड उलटून पाहिलं. जे दर बुधवारी घरात होत होतं, त्याचं कार्ड नाही? त्याचं डोकं चक्रावलं.

मग सुरू झाला सगळा खटाटोप. पहिल्यांदा मश्रूम सूपचा डबा ओतला, तर त्याची खीर झाली. दुसरं खारट. तिसऱ्यावर बटाट्याचे वेफर्स चुरून टाकले, ते ओल्या पुठ्ठ्यासारखे झाले. पेन्शनीत रोज उठून सूपचे डबे परवडेनात, म्हणून त्याने लोण्यावर मैदा परतला, दूध घातलं, कांदा बारीक चिरून टाकला. ट्यूना सगळ्यात स्वस्तातला, पण डब्यातलं पाणी न फेकता सॉसमध्येच घातलं. वर शिळ्या पावाचा चुरा. खर्च निम्म्यावर आला आणि चव दुप्पट झाली. गडी हुशार निघाला म्हणायचा. पण ज्या चवीसाठी एवढी धडपड, ती जवळसुद्धा फिरकेना.

शेजारच्या लवॉनला विचारावं, तर ती ताकास तूर लागू देत नव्हती. सोमवारी कुंपणापाशी म्हणाली, "सेलरी घाल की." गुरुवारी म्हणाली, "सेलरी? छे रे, सेलरी कोण घालतं!"

"अगं, तूच सांगितलंस ना सोमवारी?"

"मी? दुसरं काहीतरी म्हणाले असेन."

"लवॉन, तुम्ही दोघी चाळीस वर्षं एकमेकींच्या मागच्या दाराने आत-बाहेर करत होतात. ती काय घालायची ते तुला ठाऊक नाही?"

"माझं भांडं उतू चाललंय," म्हणाली आणि घरात पळाली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती. आत काहीही उतू जात नव्हतं.

हिच्यापाशी आर्डिसचं गुपित आहे आणि ही ते दाबून बसली आहे, अशी व्हर्लिनची खात्रीच झाली. त्याला रागही आला. जेवणाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, एक दिवस आधीच घरी आलेला तिचा नवरा डेलमर ट्रकचे टायर बदलायला गेलेला पाहून तो सहावं हॉटडिश घेऊन तिच्या मागच्या दाराशी गेला.

"खा," तो म्हणाला. "आणि काय कमी आहे ते सांग. सांगितल्याशिवाय मी हलायचा नाही."

लवॉनने एक घास घेतला. मग दुसरा. मग चमचा खाली ठेवला.

"व्हर्लिन, हे माझ्यापेक्षा चांगलं झालंय."

"चांगलं नकोय मला. तिचं हवंय."

"तेच सांगतेय रे. तिचं नव्हतंच ते. माझं होतं."

लवॉन खाली मान घालून बोलत सुटली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आर्डिस तापाने अंथरुणाला खिळली होती. गावात कुणी आजारी पडलं की करतात तसं लवॉनने हॉटडिश नेऊन ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी व्हर्लिन आला, निम्मं भांडं संपवून बायकोला म्हणाला, "एवढं चांगलं येतं तुला, आणि इतके दिवस मला उकडलेले बटाटे घालत होतीस?"

"तू तिचं पहिल्यांदा कौतुक केलंस म्हणे," लवॉन म्हणाली. "ते परत करायचं तिच्या जिवावर आलं. ट्यूनाच्या वासानेसुद्धा तिला मळमळायचं रे. दर बुधवारी तू घरात नसताना मी आणून द्यायची, ती तिच्या भांड्यात काढून घ्यायची. चर्चचंही माझंच."

"आणि बदल्यात?"

"बदल्यात डेलमरसाठी पाव. तो ट्रकवर आठवडाभर बाहेर, शनिवारी घरी यायचा तेव्हा राय धान्याचा ताजा पाव टेबलावर. त्याला वाटतं मी करते." लवॉनने डोळे पुसले. "मार्चपासून मनगट दुखतंय म्हणून सांगतेय. दहा वेळा करून पाहिला. दगड होतो नुसता. आता तो मला डॉक्टरकडे नेतोय."

व्हर्लिनला हसावं की रडावं कळेना. चाळीस वर्षं आपण कुणाच्या हातचं जेवलो? आणि ज्या चवीसाठी सहा महिने जीव कासावीस झाला, ती आठवण तरी नक्की कुणाची? तो भांडं उचलून निघाला, पण दारात थांबला.

"दूध गरम करून घेतेस का?" त्याने विचारलं.

"कशात?"

"पावात. नाही, दूध नव्हे. बटाटे उकडलेलं पाणी. कोमट. त्यात काकवी. मग पीठ मळून भांडं तळघरात भट्टीजवळ ठेवायची, माझा जुना लोकरीचा शर्ट वर टाकून. दुपटीने फुगलं की पुन्हा मळायची. दोनदा." शनिवारी पहाटे आर्डिस पीठ मळायची त्याच टेबलाशी तो पेपर वाचत बसायचा. चर्चसाठी पाव करतेय, असं आर्डिस सांगायची. त्याच्या वाट्याला टोकाचा एक तुकडा यायचा आणि तो न बघताच खायचा. आणि तरी त्याला सगळं पाठ होतं. कधी पाठ झालं, देव जाणे.

शनिवारी सकाळी डेलमर घरात नाही असं पाहून दोघांनी पीठ मळलं. पाव फुगला.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात आर्डिसच्या जागी आर्डिसचं भांडं होतं, आत लवॉनने नेहमीसारखं करून दिलेलं हॉटडिश. लोक येऊन व्हर्लिनचा खांदा थोपटत होते. "अगदी तिच्या हातची चव रे!" मर्ना तर रडलीच. व्हर्लिन मान हलवत होता आणि मनात पार गोंधळला होता, कारण चव खरंच तीच होती.

समोर डेलमर बसला होता, हातात लोणी लावलेला पाव.

"मनगट बरं झालं बघ हिचं!" तो तोंड भरून म्हणाला. "अख्ख्या काउंटीत असा पाव कुणाला जमायचा नाही. तुझी आर्डिस गुणाची बाई होती, व्हर्लिन, हॉटडिशला तोड नव्हती तिच्या. पण पाव म्हणशील तर, राग मानू नकोस, तो आमच्या लवॉननेच करावा."

मागे कॉफीची किटली घेऊन लवॉन होती, ती जागीच थबकली. व्हर्लिनच्या ओठांवर आर्डिसचं नाव आलं होतं. एक शब्द, की आर्डिस तिच्या खऱ्या जागी. आणि तेवढ्याच शब्दात लवॉनचा संसार उघड्यावर. त्याने डेलमरच्या हातातल्या पावाकडे बोट केलं.

"कसा लागतोय?" त्याने विचारलं.

"कसा म्हणजे?"

"नीट सांग ना. मी कधी लक्ष देऊन खाल्लाच नाही."

डेलमरला नवल वाटलं, पण बोलायचा त्याला कंटाळा नव्हता. कवच कसं कुरकुरीत, आत कसा मऊ, काकवीचा गोडवा कसा मागाहून येतो, आठवडाभर रस्त्यावर असताना या पावाच्या ओढीने तो कसा घर गाठायचा, सगळं तो सांगत राहिला. व्हर्लिन ताट बाजूला सारून, दोन्ही हात टेबलावर ठेवून, आपल्या बायकोचं कौतुक शेवटपर्यंत ऐकत बसला.