मामा आणि सव्वीस पायऱ्या

मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतची एकूण एक पायरी आमच्या हिच्या मामांना तोंडपाठ होती, हे मी शपथेवर सांगेन. उजवा पाय लहानपणीच पोलिओनं नेलेला, बगलेत कुबडी. त्यामुळे माणसं त्यांना नावांपेक्षा जिन्यांवरून आठवत. आम्ही घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी हवा-उजेडाचं कौतुक केलं. मामांनी खालूनच विचारलं, सतरा ना हो जावईबापू? मग पेढे खाली पाठवा. वेड म्हणाल तर एकच, गाण्याचं. पण तिथंही कोण गाणार हे मागाहून, आधी हॉलचा जिना.

रंगीत टीव्ही नुकते घरोघर आले होते, त्या दिवसांतली गोष्ट. मामांनी तीस वर्षं ज्यांना फक्त रेडिओवर ऐकलं त्या बाई आमच्या उपनगरातल्या नाट्यगृहात गाणार होत्या. नाट्यगृहाला पायऱ्या सव्वीस! मंडळाची पोरं म्हणाली, खुर्चीसकट उचलून नेतो. मामा असे भडकले की बोलायची सोय नाही.

"चौघांनी उचलायचा मान एकदाच मिळतो," ते म्हणाले. "तो मी आधी वापरणार नाही."

मग तीन दिवस समोरच्या पानवाल्याकडे बसून त्यांनी नाट्यगृहावर पाळत ठेवली आणि शोध लावला, की नाटकाचं सामान मागच्या दारानं, उतरत्या फळीवरून स्टेजवर जातं. "सोफा आत जातो आणि मी नाही? सोफ्याला गाण्यातलं कळतं काय?"

कार्यक्रमाच्या दिवशी ती फळी ते चढले. पाव तास लागला. मला मागून हातही लावू दिला नाही, मेला घाम मात्र मलाच फुटला. विंगेतून स्टेज ओलांडून पलीकडे उतरायचं ठरलं होतं, पण मामा मध्यावर पोचले आणि तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला. आमच्याकडे कुणा ज्येष्ठाचा सत्कार केल्याशिवाय गाणं सुरू होत नाही. त्या दिवशी एका वयोवृद्ध तबलजींचा होता. मंडळाच्या सेक्रेटरींनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी समोर दिसलेल्या म्हाताऱ्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. खरे तबलजी आत चहात बिस्किट बुडवत होते.

मामांनी खुलासा केला नाही. छाती काढून नमस्कार केला. तेवढ्यात बाई विंगेतून हसत आल्या. सेक्रेटरी शाल काढायला धावले, तर म्हणाल्या, "राहू द्या. मी आतून बघत होते. माझं गाणं ऐकायला इतक्या लांबून कुणी आलेलं नाही." आणि तानपुऱ्याशेजारी खुर्ची मांडायला सांगितली. तीन तास मामा स्टेजवर होते. अख्ख्या सभागृहात तसली जागा कुणाला नव्हती!

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या अंगावर तीच शाल होती. चौघांतला एक मी होतो. त्यांनी मला हात लावू दिला तो त्याच दिवशी. स्मशानाच्या दाराशी पायऱ्या लागल्या, त्या मी नकळत मोजल्या. पाच होत्या. सांगायला मान वळवली, आणि मग आठवलं.