कायलर्सचा बचाव, जयंत गेल्यानंतर

रविवारी संध्याकाळी जयंतने आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली, की सुरुचीला कळायचं, कायलर्स हरले. आणि पान अर्धं ठेवून तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला, की समजायचं, पोरं जिंकली. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, हे कायलर्स म्हणजे याचे वैरी असतील. तसं नव्हतं. तीन वर्षं त्यानेच त्या पोरांना घडवलं होतं. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं.

कायलर म्हणजे रानडुक्कर. स्टुटगार्टच्या टेकड्यांपलीकडे एका उपनगरात या नावाचा क्लब होता. खेळ अमेरिकन फुटबॉल. नावाला फुटबॉल, पण पायाचं काम फार थोडं. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांना ढाली, आणि चेंडू पोटाशी धरून पळणाऱ्याला बाकीच्यांनी लोळवायचं. जयंत मूळचा इस्लामपूरचा, शाळा-कॉलेजात कबड्डीत कोपरा राखणारा. स्टुटगार्टला तो ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर आला, तेव्हा तिथल्या वर्कशॉपमधल्या मातियासने त्याला एकदा सरावाला नेलं. मातियास क्लबचा कॅप्टन. दाराच्या चौकटीत तिरका होऊन शिरावं लागेल असा देह. जयंतने पाच मिनिटं पाहिलं आणि बोलून गेला, "अरे, एकेकटे काय धावता त्याच्या अंगावर? दोघांनी मिळून वाट बंद करा की."

क्लबला बचाव शिकवायला माणूस मिळत नव्हता. पैसे द्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे ज्याने तोंड उघडलं, त्याच्या गळ्यात ते काम पडलं. जयंत कायलर्सचा बचाव-प्रशिक्षक झाला.

त्याने त्या धिप्पाड पोरांना एकमेकांचे हात धरायला लावले. कबड्डीतली साखळी! शंभर-शंभर किलोचे बाप्ये हातात हात घालून मैदानावर आडवे सरकतायत, हे बघायला सुरुची सुरुवातीला मुद्दाम जायची. तिला हसू आवरायचं नाही. पोरांनाही आवरायचं नाही. "त्साकली! त्साकली!" असं ओरडत ती पळत यायची. जयंत मात्र गंभीर. घरी आल्यावर तो जेवणाच्या टेबलावर मीठ-मसाल्याच्या बाटल्या मांडून उर्जाला, म्हणजे लेकीला, बचाव समजावायचा. उर्जा त्यातली केचपची बाटली उचलून निघून जायची.

मग शेजारच्या बायर्न प्रांतात, इंगोलश्टाटला, कायमची नोकरी मिळाली. कंत्राट नाही, पक्की. देवापुढे साखर ठेवली, आणि सामान बांधायला घेतलं.

शेवटच्या सरावाला जयंत इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. जर्मनमध्ये चार ओळींचं भाषणही त्याने पाठ केलं होतं. त्याच्या कबड्डीच्या सरांना गावाने शाल-नारळ दिला होता, फेटा बांधला होता, सर बोलताना रडले होते. इथे फेटा कुठला असणार, पण एखादा सह्या केलेला चेंडू, दोन शब्द, एवढं तरी होईल. "तू पण चल," तो सुरुचीला म्हणाला. "फोटो काढायला कोणीतरी हवं."

सराव संपला. पोरं घरी जाईनात. सगळी जयंतच्या गाडीभोवती घुटमळत राहिली. थंडीत हात चोळत होती, मधूनच गाडीकडे बघत होती. जयंत घुटमळत होता. सुरुची फोन हातात धरून उभी होती.  शेवटी मातियास पुढे आला, हात मिळवला, "बरं मग, मजेत राहा," म्हणाला आणि निघाला. एकेक करत बाकीचेही निघाले.

 घरी पोचल्यावर जिन्यात जयंत म्हणाला, "बचाव चांगला नव्हता माझा. नाहीतर दोन शब्द तरी बोलले असते."

"असं काही नसेल रे."

"मग काय असेल?"

 सुरुचीलाही आतून तेच वाटलं होतं.

इंगोलश्टाटला घर चांगलं मिळालं. पण जयंतचं मन स्टुटगार्टच्या मैदानावरच उभं. वसंतात नवा मोसम सुरू झाला आणि रविवारचं हे आमटीचं गणित चालू झालं. कायलर्सच्या बचावाची पहिल्या सामन्यात दाणादाण उडाली. जयंतने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि फार समंजस चेहरा केला.

"वाईट वाटतं गं पोरांचं. माणूस होता तोवर किंमत कळली नाही."

"वाईट वाटतंय तर लोणचं कशाला मागतोयस?"

दुसरा सामना हरले, तिसरा हरले. त्या दिवसांत जयंतसारखा प्रेमळ नवरा साऱ्या बायर्नमध्ये नव्हता. भांडी घासायचा, उर्जाला सायकल शिकवायचा. आणि मग कायलर्स जिंकायला लागले. नवा बचाव-प्रशिक्षक आला होता, कोडी नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी, मिसरूड फुटलेलं जेमतेम. पण समोरच्या संघाला गुणच मिळेनात. जयंतच्या काळात कधी झाला नव्हता असा बचाव झाला.

आठवडाभर घरात सुतक. मग एके दिवशी जयंत ऑफिसातून ताठ मानेने आला.

"पाया कोणी घातला? तीन वर्षं मी घासली ती पोरं. हा कोडी आयत्या पिठावर रेघोट्या मारतोय."

त्याच्या ऑफिसातला राजस त्या दिवशी जेवायला होता. नागपूरचा, जिभेला हाड नाही. म्हणाला, "बरं आहे जयंत, तुझं. टीम हरली तर तू गेलास म्हणून, जिंकली तर तू होतास म्हणून. बरोबरी झाली तर काय बे?"

"बरोबरी क्वचित होते या खेळात," जयंत म्हणाला. राजस पोट धरून हसला. सुरुची हसली नाही. नवऱ्याला एक शब्द हवा होता, चांगला नाहीतर वाईट, आणि तो देणारं इथे कोणी नव्हतं, हे तिला दिसत होतं.

ऑगस्टात गणपती बसले. आरती झाली, सगळे प्रसादाकडे वळले, आणि जयंत डोळे मिटून उभाच. असा तो कधी रेंगाळत नसे. सुरुचीला संशय आला, कारण कायलर्स वरच्या गटात जाण्याच्या सामन्यापर्यंत पोचले होते, आणि तो सामना इंगोलश्टाटजवळच्याच एका गावात होता.

"काय मागितलंस?"

"काही नाही. म्हटलं, बघ जरा."

"काय बघ?"

"एकूणच."

ती मुकाट्याने पुन्हा देवापुढे गेली. हात जोडून म्हणाली, बाप्पा, हा जे काही बोलला असेल ते मनावर घेऊ नकोस.

सामन्याला तिघंही गेले. जयंतने टोपी डोळ्यांवर ओढली होती. "ओळखलं तर त्यांना वाटायचं, मी भाव खायला आलो." खेळ सुरू झाला. पहिली दोन मिनिटं तो हाताची घडी घालून तज्ज्ञासारखा उभा राहिला. समोरचा एक गडी चेंडू घेऊन सुटला, आणि जयंतच्या तोंडून इतक्या मोठ्यांदा "धर! अरे, पाय धर त्याचा!" निघालं, की पुढच्या रांगेतली म्हातारी दचकून हातातलं सॉसेज पाडून बसली. कायलर्सनी त्याला धरला. जयंतने टाळ्या वाजवल्या, मग आजूबाजूला बघून हात खिशात घातले.

मध्यंतरात सुरुची उर्जाला चिप्स घ्यायला गेली, तर स्टॉलपाशी मातियास. बोट दुखावल्यामुळे तो खेळत नव्हता. तिला बघून तो खूश झाला, पण जयंतबद्दल काही विचारेना. सुरुचीला आत-बाहेर ठेवून बोलता येत नाही. जर्मनमध्ये तर मुळीच नाही.

"मातियास, एक विचारू? तीन वर्षं फुकट राबला तो तुमच्यासाठी. जाताना तुम्ही साधे दोन शब्द बोलला नाहीत. इतका वाईट होता त्याचा बचाव?"

मातियासने पाव खाली ठेवला. "आम्ही? अहो, तोच गेला की आउसश्टांड न देता!"

मग त्याने सांगितलं. माणूस जातो तेव्हा जाणाऱ्यानेच सगळ्यांना बोलावायचं असतं, खायला-प्यायला द्यायचं असतं. त्याला म्हणतात आउसश्टांड. ते झालं की बाकीचे उठून बोलतात, भेट देतात. आधी कसं देणार? माणूस अजून गेलाच नाही ना. "आम्ही थंडीत उभे होतो, हा आता डिकी उघडेल, बिअर काढेल. तुमची ती बटाट्याची भजी तरी काढेल. हा नुसता बघत राहिला. सगळे म्हणाले, रागावलाय आपल्यावर."

"आणि बचाव? बचावाबद्दल काय बोलता तुम्ही?"

"बचाव?" मातियासने खांदे उडवले. "वर्षभर क्लबात आउसश्टांडबद्दलच बोलतोय आम्ही."

सामना कायलर्सनी जिंकला. परत जाताना गाडीत सुरुचीने सगळं सांगितलं. जयंतने गाडी बेकरीसमोर थांबवली.

"म्हणजे मी तीन वर्षं पावसापाण्यात उभा राहिलो, त्याचा निकाल बिअरच्या क्रेटवर लागला?"

"तूही तो शाल-नारळावर लावलासच ना?"

 वाढदिवसाचा केक इथे ज्याचा त्यानेच आणायचा, हे जयंतला ठाऊक होतं. पण निरोपही आपला आपणच द्यायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं. कंत्राटी लोकांच्या ऑफिसात माणसं ईमेल टाकून नाहीशी व्हायची.

मागच्या सीटवरून उर्जा चिप्स खाता खाता म्हणाली, "दास वाइस डोख येडर, पापा." हे तर सगळ्यांना माहीत असतं.

"मग सांगितलं का नाहीस गं?"

"दू हास्ट निश्ट गेफ्राग्ट." तू विचारलं नाहीस. पोरगी अगदी इथली झाली होती.

ऑक्टोबरात एका शनिवारी जयंतने वर्षभर उशिरा आउसश्टांड दिला. सुरुची आदल्या दिवसापासून बटाटे उकडत होती. क्लबच्या त्या कोंदट खोलीत वडे, चटणी, पाव, सांगलीहून आलेलं भडंग आणि बिअरचे क्रेट मांडले गेले. पोरं अशी तुटून पडली, की साखळी वगैरे कोणाच्या ध्यानात राहिली नाही. जयंत मात्र खात नव्हता. भिंतीला टेकून उभा होता, निकालाच्या दिवशी शाळेबाहेर पोरं उभी राहतात तसा.

पोटं भरल्यावर मातियासने ग्लासवर चमचा वाजवला.

"आल्झो, तर मग. आता जयंत गेला. आता बोलता येईल."

सुरुचीने मनातल्या मनात कुलदैवताचं नाव घेतलं.

"बचाव," मातियास म्हणाला, "पहिल्या वर्षी वाईट होता. दुसऱ्या वर्षी बरा. तिसऱ्या वर्षी पुन्हा वाईट. आणि त्साकलीचा सामन्यात एकदाही उपयोग झाला नाही. कोडीने पहिल्याच दिवशी ती बंद केली, आणि बरं केलं."

खोलीत माना हलल्या. "गेनाऊ," अगदी बरोबर, असं कोणीतरी मागून म्हणालं. जयंतचा चेहरा उतरला. त्यात वाईट बोलण्याचा काही हेतू नव्हता, हेच जास्त लागणारं होतं.

"पण," मातियास पुढे म्हणाला, "याच्याआधी सरावाला मोजकी टाळकी यायची. पाऊस असला तर तीही नाही. हात धरून नाचायला मिळतं म्हणून सगळे यायला लागले. माझा मेव्हणा त्यासाठीच क्लबात आला. आज कोडीकडे निवडायला माणसं आहेत, ती यानेच जमवली. प्रशिक्षक म्हणून साधारण. पण हा नसता, तर क्लब बंद पडला असता. झालं." आणि त्याने टेबलाखालून सह्या केलेला चेंडू काढला. तो वर्षभर कपाटात पडून होता. हवा गेली होती.

जयंत पाठ केलेलं भाषण कधीच विसरला होता. तो चेंडू दोन्ही हातांत घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तिसऱ्या वर्षी वाईट नव्हता. बरा होता."

"वाईट होता," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"बरं, होता," जयंत म्हणाला, आणि पहिल्यांदाच वड्याला हात घातला. तो खाताना सुरुचीने त्याच्याकडे पाहिलं. इतका स्वस्थ तो वर्षभरात कुठल्याच रविवारी बसला नव्हता, आमटीच्या नाही आणि बाल्कनीच्याही नाही.

निघताना मातियास गाडीपर्यंत पोचवायला आला. रिकामी पातेली डिकीत ठेवता ठेवता म्हणाला, "आणि इंगोलश्टाटच्या ऑफिसात आइनश्टांड दिला असशील ना वेळेवर?"

"तो कोणता आता?"

"नवीन माणूस येतो तेव्हा द्यायचा. तो दिल्याशिवाय तो आला, असं कोणी धरत नाही."

जयंतने सुरुचीकडे पाहिलं. सुरुचीने पातेल्यांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "किती माणसं आहेत रे तुझ्या विभागात?"