तुळसाबाईंचा भरवसा

तुळसाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मला ते खरंच वाटलं नाही. धक्का बसला म्हणून नाही, मला चक्क शंका आली. दोन वर्षांपूर्वी ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर त्यांनी स्वतःच गावात उठवून दिलं होतं, की तुळसाबाई आजारी आहे, खाटेवरून उठत नाही. आणि आपण ओसरीतल्या खाटेवर पडून पाहत होत्या, की त्यांच्याकडे शेती शिकायला येणाऱ्यांपैकी कोण त्यांची चौकशी करायला येतो आणि कोण आधी बांधीतलं पाणी बघायला जातो. भाताच्या खाचराला आमच्याकडे बांधी म्हणतात. मी डझनभर केळी घेऊन चौकशीला गेले होते. "पाणी पाह्यलं काय बांधीतलं?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर केळी ठेवून घेतली आणि मला त्याच पावली शेताकडे पिटाळलं. त्यामुळे आता त्यांची सून रेखा फोनवर रडत होती तरी मी तिला "येते" म्हणून फोन ठेवला, आणि खात्री करायला शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "खरंच गेल्या बाई. जेवून ओसरीत आडव्या झाल्या, मंग उठल्याच नाई." त्याला सहा आठवडे होऊन गेले. त्या वेळी मी अशी खात्री करून घेतली, हे त्यांना कळलं असतं तर त्यांना माझं कौतुकच वाटलं असतं, असं अजूनही वाटतं.

मी माजरीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बियाचं अंकुरण, मातीचे प्रकार, पाण्याचं नियोजन, सगळं फळ्यावर. चिखलात पाय मात्र कधी घातला नव्हता. निवृत्तीनंतर धानोरा रस्त्यावरच्या माहेरच्या गावात वडिलांची दोन एकर जमीन माझ्या वाट्याला आली, ती वर्षानुवर्षं पडीत होती. यजमान म्हणाले, "विकून टाक." मी म्हटलं, एकदा करून बघते. ते चंद्रपूरच्या घरी राहिले, मी बॅग भरून गावी आले. आधी तालुक्याच्या गावी नवशेतकऱ्यांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे जाऊन बसले. पडद्यावर चित्रं, मधे चहा-बिस्किटं, शेवटी प्रमाणपत्र. मी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं, सवयच ती. वहीत लिहिल्याप्रमाणे पऱ्हे टाकले, म्हणजे भाताची रोपं तयार करण्यासाठी एका कोपऱ्यात बी पेरलं. बियाणं चांगलं आहे की नाही हे तपासायचं असतं, हे वहीत नव्हतं. कोपरा सखल आहे, तिथे पाणी साचतं, हेही वहीत नव्हतं.

त्या दिवसांत एक म्हातारी शेजारच्या पाळीवर येऊन उभी राहायची. पाळ म्हणजे बांधीभोवतीचा मातीचा बांध. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर पदर, नजर माझ्या कोपऱ्यावर. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मास्तरीण, पऱ्हे सडून राह्यले. दिसून नाई राह्यलं काय तुले?"

या तुळसाबाई. त्यांच्या तीन एकरांच्या बांध्या माझ्या जमिनीला लागूनच. दरवर्षी दोन-तीन नवशिके त्यांच्याकडे यायचे. कुणी एकत्र घरातून वेगळं झालेलं जोडपं, कुणी हैदराबादेतलं बांधकामाचं काम सोडून परतलेला. त्यांची एकच अट होती. "एक हंगाम तू माया बांधीत राबजो. मंग एक हंगाम मी तुया बांधीत येईन. सांगणं-बिंगणं नाई, कराचं." माझं त्या वर्षीचं भात तर गेलंच होतं. मी हो म्हटलं.

हे नागपूरला राहणाऱ्या दादाला कळलं आणि त्याचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. "त्या बाईपासून जपून राहा," तो म्हणाला. "तिला फुकटचे मजूर हवे असतात. आणि तिचा नवरा आपली हीच जमीन बटईनं करायचा, ठाऊक आहे ना? ती कुळाचा हक्क सांगेल म्हणून तर बाबांनी काढून घेतली." मला ते अर्धवट आठवत होतं. वडिलांनी ती जमीन त्यांच्याकडून काढली, पण दुसऱ्या कुणाला दिली नाही, भीतीपोटी तशीच पाडून ठेवली. ती भीती दादाच्या फोनवरून सरळ माझ्यात उतरली. त्यानंतर तुळसाबाई माझ्या पाळीवर पाय ठेवायच्या तेव्हा मी हातातलं काम सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचे. पुढच्या वर्षी त्या माझ्या बांधीत रोवणी करणार, चार माणसं पाहणार... आणि मग उद्या कुणी म्हणालं, जमीन तर हीच कसते, तर?

तरी तो हंगाम मी त्यांच्याकडे काढला. आणि जे शिकले ते तीस वर्षांच्या फळ्यावर नव्हतं. बादलीत मीठ कालवून त्यात अंडं सोडायचं, अंडं वर तरंगलं की पाणी तयार, मग त्यात बी ओतायचं आणि वर येईल ते पोचट बी काढून फेकायचं. दुकानातल्या पिशवीवर कितीही शिक्के असोत, मूठभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून ठेवल्याशिवाय त्या बी पेरू देत नसत. "पिशवीवर कोनी बी काई बी छापते," त्या म्हणायच्या. चिखल झाला की नाही हे बघायला चप्पल काढून पाय रोवायचा, उचलायचा, आणि पावलाचा खळगा हळूहळू मिटतो का ते पाहायचं. पाळीवरून चालताना टाच दाबत चालायचं, कारण खेकडे बिळं करतात आणि एका बिळातून सगळी बांधी रिकामी होते. मी रोपं खोल रोवली की त्या मागून येऊन ती उपटून माझ्या हातात द्यायच्या. कितीदा तरी... पहिल्या आठवड्यात मी जितकी रोपं लावली तितकीच परत हातात घेतली असतील. रात्री कंबर धरून झोपताना मनात यायचं, ही मला शिकवते आहे की राबवते आहे?

हंगाम संपला, आणि आता त्यांनी माझ्या बांधीत यायची पाळी आली तेव्हा मी तालुक्याला जाऊन स्टॅम्प पेपरवर त्यांच्या नावानं मजकूर लिहून आणला. या जमिनीवर माझा कोणताही हक्क नाही व पुढे सांगणार नाही, असा. त्यांच्या ओसरीत बसून तो त्यांच्यापुढे ठेवताना माझा चेहरा मला दिसत नव्हता हे बरं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला. "वाच." मी वाचला. "अजून एकदा वाच." मी वाचला. मग त्यांनी आतून रेखाला हाक मारली. रेखा नववीपर्यंत शिकलेली. "ही वाचते थे खरं हाय का पाह्य." रेखानं खाली मान घालून वाचलं आणि म्हणाली, "खरं हाय, आत्याबाई." तुळसाबाईंनी अंगठा उठवला. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच म्हणाल्या, "आता तुवा बी एक कागद कर. जमीन इकाची झाली तं पयले मले सांगशीन, असा."

"अहो तुळसाबाई, मी सांगेन ना. शब्द देते."

"तोंडाचा काय भरवसा, मास्तरीण? तुले माया तोंडाचा हाय का?"

मी वहीचं पान फाडून लिहिलं आणि सही केली. रेखानं तेही वाचून दाखवलं.

त्या वर्षी पऱ्हे सुरेख आले. हिरवेगार, एकसारखे. रोवणीचा दिवस ठरला, बायका सांगून ठेवल्या. त्याच्या दोन दिवस आधी मोटारसायकलवरून एक माणूस आला. शर्ट इस्त्रीचा, बोलणं गोड. जमीन घ्यायची आहे म्हणाला, तुम्ही एकट्या, वय झालेलं, कशाला चिखलात राबता. मी त्या दिवशी खूप थकले होते. त्याला सरळ नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते."

ठरल्या दिवशी तुळसाबाई आल्या नाहीत. बायकाही आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पऱ्हे वाढत चालले, आणखी आठवडा गेला असता तर लावण्याच्या लायकीचे उरले नसते. मी ठरवून टाकलं की दादाचंच खरं होतं. हिनं आपलं काम करून घेतलं आणि आता पाठ फिरवली. चौथ्या दिवशी तणतणत त्यांच्या ओसरीत गेले. त्या सुपात डाळ निवडत बसल्या होत्या, मान वर केली नाही.

"काऊन आली?"

"तुम्ही काऊन आल्या नाही, हे विचारायला आले." रागात माझ्याही तोंडून काऊनच निघालं.

"तू थ्या मानसाले काय म्हनली? इचार करून सांगतो म्हनली ना?"

मला उलगडायला क्षणभर लागला. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीच धाडला होता थ्याले. मायाच भाच्याचा दोस्त हाय." त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "तुया कागद खरा का खोटा, पाहाचं होतं."

मी इतकी चिडले की उभी राहूनच बोलले. तुम्ही माझी परीक्षा घेता? ज्या जमिनीवर तुमचाच डोळा आहे म्हणून अख्खं गाव सांगतं, तिच्यासाठी? आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

तुळसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "हाय ना डोया," त्या म्हणाल्या. "खोटं काऊन सांगू? बारा वर्स माया मानसानं थे बांधी केल्ली. पाळी आमी बांधल्या. तुया बापानं एका दिवसात काढून घेतली. मले थे पाह्यजेच होती. आज देशीन तं आज घेईन."

"मग मला कशाला शिकवता? मी हरले तर जमीन विकेन, तुम्हाला मिळेल."

"तू इकशीन तं मले नाई इकशीन. शर्टवाल्याले इकशीन. थो इटाची भट्टी लावन नाई तं पाडून ठेवन. तुया बापानं पाडून ठेवली तवा थे सारं तन माया बांधीत आलं. डुकरं बी तिथूनच." सूप परत पुढ्यात ओढत म्हणाल्या, "मले नाई भेटत तं नाई. पण कोनीतरी कराले पाह्यजे ना थे."

यात माझ्याबद्दल माया कुठेच नव्हती. त्यांनी ती दाखवायचा प्रयत्नही केला नाही. मला आजवर कुणी इतकं खरं उत्तर दिल्याचं आठवत नाही. मी ओसरीच्या कडेवर बसले. त्या म्हणाल्या, "सांग आता. इकतं का?" मी म्हटलं, "नाही." "इचार करून सांगून राह्यली का बिना इचाराची?" "विचार करून." दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर त्या सहा बायका घेऊन माझ्या बांधीत उतरल्या. दोन दिवसांत रोवणी संपली. तिथेही त्यांनी माझी रोपं उपटून हातात दिली, पण आधीच्या वर्षापेक्षा कमी.

त्यानंतरची वर्षं आम्ही शेजारी होतो, मैत्रिणी झालो असं म्हणवत नाही. त्या माझ्या घरी कधी जेवल्या नाहीत, चहा मात्र घ्यायच्या, तोही मी आधी घोट घेतल्यावर. मी त्यांना विचारल्याशिवाय बी पेरलं नाही, आणि त्यांनी सांगितलेलं बी बारदानात तपासल्याशिवाय वापरलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाल्या, "मायं बी तपासतं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. दादाला मी जमिनीची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आणि त्याचं चुकलं नव्हतंच. शंका खरी होती. फक्त शंका खरी असली म्हणजे माणूस खोटं असतं, असं नाही, हे मला साठीला टेकताना एका अंगठाबहाद्दर बाईनं शिकवलं.

त्या गेल्यावर दहाव्याला मी रेखाला विचारलं, आता शिकायला येणाऱ्यांचं काय. ती म्हणाली, "तुमी पाहा, बाई. मले घरचं होत नाई." मी ओसरीत बघितलं. त्या जिथे भिंतीला टेकून बसायच्या तिथे डोक्याच्या तेलाचा काळपट गोल डाग पडला आहे. रेखानं घर सारवलं, भिंतीला चुना दिला, तेवढा भाग सोडला. तिथे कुणी बसत नाही. मी बाजूच्या खांबाला टेकून बसते.

गेल्या आठवड्यात तिथेच एक जोडपं आलं. जंगलाकडच्या पाड्यावरचं, नुकताच वनहक्काचा पट्टा मिळालेलं, दोन एकर, त्यातला एक उताराचा. तुळसाबाईंचं नाव ऐकून पायी आले होते. त्या गेल्याचं कळल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, या माझ्याबरोबर, माझ्या बांधीत चिखलणी सुरू आहे, हात घालून बघा. एक हंगाम माझ्याकडे, मग मी तुमच्याकडे. नवरा लगेच उठला. बायको उठली नाही. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमाले याच्यात काय भेटते, बाई?"

एक हंगाम दोन माणसांचे हात मिळतात, हे खरं होतं, ते सांगितलं. बाकीचं मलाच नीट ठाऊक नाही, तेही सांगितलं. ती नवऱ्याशी गोंडीत काहीतरी बोलली आणि उठली. बांधीपाशी आल्यावर मी चपला पाळीवर काढल्या. नवऱ्यानं माझ्या चपलांशेजारी काढल्या. तिनं आपल्या काढल्या, एकमेकींवर आपटून माती झटकली, पदरात गुंडाळून कमरेला घट्ट खोचल्या, आणि मग चिखलात उतरली.

मी तिला रोपांची पहिली पेंडी हातात दिली. ही टिकेल, असं मला वाटलं.