मुंबईची शेवटची जागा

कमर्शियल आर्ट शिकायचं तर मुंबईलाच, असं मी अकरावीत ठरवलं. आता त्याला ग्राफिक डिझाईन म्हणतात, तेव्हा आमच्याकडे कमर्शियलच म्हणायचे. 'आम्ही दोघींनी ठरवलंय' असं मी सगळीकडे सांगत सुटले होते. खरं तर बोलायचं काम माझं आणि मान हलवायचं काम तिचं. ती म्हणजे माझी मैत्रीण, पाचवीपासून एका बाकावरची. तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं निपाणीकडचं, त्यामुळे घरात निम्मं कानडी. वडील अप्पा, आई अव्वा. ती फार हळू बोलायची. कोल्हापुरात हळू बोलणारं माणूस आजारीच असणार असं लोक धरून चालतात, म्हणून तिला जो तो 'बरं न्हाय का गं?' असं विचारायचा. माझ्याबद्दल अशी शंका कधी कुणाला आली नाही.

आमचा गंगावेशीत छापखाना होता. खाली मशीन, वर आम्ही राहायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि जत्रांच्या दिवसांत कुस्त्यांची पोस्टरं, ही पप्पांची कामं. शाळा सुटली की आम्ही दोघी तिथेच पडीक. कुस्तीच्या पोस्टरचे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले असतील. सगळ्यात वर देवाचं नाव, त्याखाली जत्रा कमिटीच्या मंडळींचे फोटो, मग पहिल्या नंबरची जोड सगळ्यात मोठी. दोघं पैलवान समोरासमोर, मापानं सारखे, पाय एका रेषेत. एकाचं डोकं बोटभर जरी वर गेलं तरी दुसऱ्याच्या तालमीतली पोरं दारात येऊन उभी राहायची, 'मालक, आमचा पैलवान काय बुटका हाय का?' आणि कागदावर मोकळी जागा म्हणून ठेवायची नाही. मोकळी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणणार, हितं आणि चार नावं बसली असती की.

छापखान्याच्या माळ्यावर बसून मी तिला मुंबई सांगायचे. मुंबई मी पाहिलेली नव्हती, पण म्हणून काय झालं? कॉलेजच्या उंच खिडक्या, झाडाखाली स्केचिंग करणारी पोरं, हॉस्टेलवर आपली दोघींची खोली, तुझी कॉट खिडकीपाशी, माझी दाराशी. संध्याकाळी समुद्रावर जायचं, चित्रं काढायची, कुणी विचारणार नाही कुठे होता म्हणून. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत बसायची. मी थांबले की म्हणायची, "मग? पुढं?" मला वाटायचं, हिचाही जीव तिकडेच लागलाय.

दोन्ही घरी भुणभुण लावून आम्ही, म्हणजे मी, परवानगी मिळवली. पण दोन्हीकडची अट एकच. जायचं तर दोघींनी. एकटी पोरगी मुंबईला धाडायची न्हाय. पप्पा म्हणाले, "दोघींना मिळालं तर मुंबई, न्हायतर गावात कॉलेज हाय की चांगलं." गावातलं कॉलेज खरंच चांगलं होतं. पण ते घरापासून सायकलवर होतं, आणि मला सायकलवरचं काही नको होतं.

प्रवेश परीक्षा कोल्हापुरातच झाली. संकल्पचित्राच्या पेपरला विषय आला: संगीत महोत्सवाचं पोस्टर. दोन गायक, एक रात्र. मी खूश! पेन्सिल उचलली ती खाली ठेवलीच नाही. वर गणपती, खाली दोन्ही गायक समोरासमोर, मापानं सारखे, मांड्या एका रेषेत, छाती पुढं, नजरेला नजर. मध्ये मोठ्ठ्या अक्षरांत 'महामुकाबला'. खाली तबलजी आणि पेटीवाले गोल फोटोंत, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या जोडीसारखे. उरलेल्या जागेत 'आपले नम्र' आणि नावांची रांग. कागदावर मुंगीला फिरायला जागा ठेवली नाही. बाहेर आल्यावर तिला विचारलं, तू काय केलंस? म्हणाली, एक तंबोरा काढला कोपऱ्यात. आणि बाकी? बाकी निळा रंग.

"एवढं मोकळं सोडलंस?" मी ओरडलेच. "अगं, काहीतरी बसवायचंस की! आता बस बोंबलत."

निकाल लागला तेव्हा यादीत ती वर आणि मी तिच्यापेक्षा काही नावं खाली. बाकीच्या पेपरांत आम्ही सारख्याच होतो. संकल्पचित्रात माझे मार्क बघून पप्पा हळूच म्हणाले, "गायकांच्या कुस्त्या लावल्यास व्हय गं?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्या वेळी कॉलेज निवडायची पद्धत अशी होती की, सगळ्यांना मुंबईला एका हॉलमध्ये बोलवायचे. यादीप्रमाणे एकेक नाव पुकारायचे. तुम्ही टेबलापाशी जायचं आणि तिथल्या तिथे तोंडानं सांगायचं, अमुक कॉलेज. फळ्यावर प्रत्येक कॉलेजच्या उरलेल्या जागा खडूनं लिहिलेल्या असत, आणि एक माणूस त्या पुसून कमी करत जाई. तिथे सांगितलं की झालं. विचार करायला घरी जायची सोय नाही. आम्ही चौघं गेलो, ती, मी, अप्पा आणि पप्पा. आदल्या दिवशी अप्पांच्या बहिणीकडे उतरलो. सकाळी हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

मुंबईच्या जागा भराभर जात होत्या. माझी नजर फळ्यावरून हलत नव्हती, आणि तिचा हात मी असा काही धरून ठेवला होता की, नंतर तिच्या मनगटावर वळ दिसले. पाच उरल्या. तीन उरल्या. मग एक उरली आणि तिचं नाव पुकारलं.

मला कळून चुकलं की दोघींचं काही आता होत नाही. पण निदान ती तरी 'मुंबई' म्हणेल, एवढं मी धरून चालले होते. तिनं ती जागा घेतली असती तर मी रडले असते, चिडले असते, पण मनातून म्हणाले असते, जा बाई, आपल्यातली एक तरी जा. अप्पा तिच्याबरोबर टेबलाशी गेले. साहेबांनी विचारलं, कोणतं कॉलेज? ती नेहमीसारखं हळू बोलली. साहेब म्हणाले, मोठ्यानं बोल. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्यानं बोलली.

"कोल्हापूर."

फळ्यावरचा मुंबईचा एक तसाच राहिला. मी बघत राहिले. आयला, भ्याली! एवढी दोन वर्षं माझ्यापाशी मान हलवली आणि ऐन वेळी शेपूट घातली. मला इतका राग आला की डोळ्यांपुढे फळा दिसेना. मध्ये काही नावं झाली; कुणाला पुणं हवं होतं, कुणी आलंच नव्हतं. तो एक मात्र तिथेच. आणि मग माझं नाव.

टेबलापर्यंत जाताना मी पप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी विचारायच्या आत मी म्हणाले, "मुंबई." एवढ्या मोठ्यानं, की मागचे लोक हसले. फळ्यावरचा एक पुसला गेला. विचार करून, कॉलेज बघून, फायदे-तोटे मांडून लोक शिक्षण निवडतात म्हणे. मी मुंबई निवडली ती तिच्यावरच्या रागानं. पप्पा मागे उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, एकटी कशी जाणार, बदला साहेब. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि साहेबांना म्हणाले, "हॉस्टेलचं कुठं विचारायचं?"

परतीच्या एसटीत आम्ही दोघी शेजारी बसलो, पण मी खिडकीकडे तोंड केलं ते साताऱ्यापर्यंत. तिनं शेंगा पुढे केल्या, मी घेतल्या नाहीत. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा सगळे चहाला उतरलो. अप्पांचा चेहरा उतरलेला. ते पप्पांना म्हणाले, "काय बोलायचं मालक. काल मी हिला सांगितलं होतं, जागा एक असली तरी घे, मैत्रीण नसली तरी चालंल. माझ्या बहिणीचं घर हाय मुंबईत, मी बघतो. आणि आज हिनं हे केलं." मग तिच्याकडे वळून कानडीत, "एनाय्तु?" म्हणजे काय झालं तुला.

माझ्या हातातला चहा हातातच राहिला. म्हणजे हिला परवानगी होती! मी तिला ओढतच उसाच्या रसाच्या गाड्यामागे नेलं.

"का गं? का न्हाय म्हटलीस?"

आमच्याकडे बायका-पोरीही 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात, तेव्हा ती कशी बोलली ते तसंच सांगते.

"मला जायचंच नव्हतं," ती म्हणाली. "मी गावातच ऱ्हाणार होतो."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनंच की."

"मग दोन वर्षं माझं डोकं का खाल्लंस? मग पुढं, मग पुढं करत?"

"तू सांगायला लागलीस की लई भारी वाटायचं. ऐकत बसावंसं वाटायचं. आणि मी न्हाय म्हटलो असतो तर तुला घरातनं कोण सोडणार होतं? दोघी म्हटल्यावरच तयार झाले की सगळे. मग म्हटलं, टेबलापर्यंत चालू दे."

रसवाल्याच्या घुंगरांचा छनछन आवाज चालला होता. मी तिला एक धपाटा घातला, पाठीत, चांगला जोरात, आणि मग तिच्या गळ्यात पडून एवढी रडले की कंडक्टर येऊन म्हणाला, "पावणं, गाडी सुटली, रडणं आत बसून करा."

मुंबईला गेले. खिडक्या खरंच उंच होत्या. झाडाखाली पोरं खरंच बसायची. हॉस्टेलवर खिडकीपाशी नागपूरची एक मुलगी होती. चांगली होती बिचारी, पण तिला काही सांगायला गेलं की ती म्हणायची, हो गं, माहीत आहे. 'मग? पुढं?' असं कुणी म्हणत नसे. समुद्रावर पहिल्यांदा गेले तेव्हा मनातल्या मनात तिला सगळं सांगत होते. पाणी कसं आहे, माणसं कशी बसलीत, वास कसला येतोय. सांगून झालं आणि शेजारी बघितलं तर फुगे विकणारा. मला ती हवी होती. मला मुंबई हवी होती आणि शेजारी ती हवी होती, आणि या दोन गोष्टी एकत्र कधी मिळणारच नव्हत्या हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

रविवारी बूथवरून छापखान्यात फोन लावायचे. एकदा उचलणारा आवाज हळू आला. "तू तिथं काय करतीस?" मी विचारलं. तर म्हणाली, पप्पांनी कॉम्प्युटर घेतलाय, त्यांना जमंना, म्हणून बोलावलंय. पुढच्या रविवारी पुन्हा तीच. मग पप्पा फोनवर यायचे आणि माझी जेवणाखाण्याची चौकशी करून झाली की म्हणायचे, "बरं ठेवतो, ही खोळंबलीया." मी रिसीव्हर धरून उभी राहायचे. ही म्हणजे कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

दिवाळीला घरी आले. न कळवता एक दिवस आधी आले, दारातून ओरडत आत जायचं ठरवून. मशीन बंद होतं. पप्पा आणि ती कॉम्प्युटरपुढे डोक्याला डोकं लावून बसले होते. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका चालली होती. पप्पा म्हणत होते, मामाचं नाव मोठं घे; ती म्हणत होती, न्हाय, राहू दे मोकळं, दिसतंय चांगलं. आणि पप्पा, आमचे पप्पा, म्हणाले, "बरं, तू म्हणतीस तर राहू दे." तिच्या मांडीखाली माझी चौकडीची उशी होती. मला ओरडायला सुचलंच नाही. बॅग हातात घेऊन मी उंबऱ्यात तशीच उभी राहिले.

पप्पांनी मान वर केली. किती आनंद झाला त्यांना, ते मी पाहिलं. "आगं! आली की! आगं ए, खाली ये, कोण आलंय बघ," असं ते वर आईला ओरडून म्हणाले. ती उठायला लागली, मी म्हटलं, बस, बस. पप्पा म्हणाले, "ये की आत. पावणं आल्यागत हुबी का?"

मी आत गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. दुसरी जागाच नव्हती. आई चहा घेऊन खाली आली. त्या दोघांना नेहमीच्या पेल्यांतून आणला होता आणि मला कपबशीतून.