लाल पट्टीवरचा प्रश्न

"भाऊ, तुमच्या अँटीव्हायरसनं माझं काम खाल्लं," सुनंदाताई फोनवर म्हणाल्या.

त्या मूळच्या धुळ्याकडच्या, राहतात गुजरातेत, भेस्तानला. कामरेजच्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्यासाठी साड्यांची डिझाइन करतात, तीही घरून. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे घर सोडता येत नाही. रिमोट प्रोग्रामने कारखान्यातला कॉम्प्युटर घरबसल्या चालवायचा आणि डिझाइन मशीनवर चढवायचं, ही त्यांची पद्धत. तो प्रोग्रामच आमच्या सॉफ्टवेअरने काढून टाकला होता. इथे येऊन बसा, नाहीतर दुसरी बघतो, असं कारखान्याचे सेठ म्हणत होते.

आमच्या धंद्यात व्हायरस म्हणजे चोर. त्याला विचारत नाहीत, हाकलतात. काही प्रोग्राम मात्र चोर नसतात, फक्त त्यांना घरात कोणी घेतलं ते आम्हाला ठाऊक नसतं. रिमोट प्रोग्राम त्यातलाच. सुनंदाताई वापरतात तसा भामटेही वापरतात. म्हणून नियम असा, की कॉम्प्युटरच्या मालकाला विचारायचं.

"विचारलं नाही का?" कामरेजला जाऊन मी सेठना म्हणालो.

"पूछा ना! लाल पट्टी आयी, मैंने यस दबा दिया. मैं तो सब में यस दबाता हूँ."

पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप्लिकेशन. रिमूव्ह?', म्हणजे कदाचित नको असलेला प्रोग्राम, काढू का. मीही यसच दाबलं असतं.

ही भाषा बदलू या, असं मी आमच्या कंपनीतल्या साहेबांना म्हणालो.

"अरे, ते इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे. एवढी कटकट असेल तर न विचारता काढून टाकू. कस्टमरला काय कळतं?"

"सर, कॉम्प्युटर त्याचा आहे."

"बरं, त्या एका कारखान्यात करून बघ."

मी गुजरातीत लिहिलं, 'या प्रोग्रामने दुसरा माणूस तुमचा कॉम्प्युटर चालवू शकतो. तुम्हाला तो हवा आहे का?' खाली 'राखो' आणि 'काढो', म्हणजे ठेवा आणि काढा, अशी दोन बटणं. एकदा राखो म्हटलं, की त्या प्रोग्रामबद्दल पुन्हा विचारायचं नाही. साहेब म्हणाले, "यात टेक्नॉलॉजी कुठे दिसते?"

प्रोग्राम पुन्हा टाकला. सेठनी पट्टी वाचली आणि माझ्यासमोर भेस्तानला फोन लावला. "सुनंदाबेन, ये दूसरा आदमी आप हो क्या?"

"हो सेठ, मीच ती!"

सेठनी राखो दाबलं. संध्याकाळी मशीनवर नवं डिझाइन चालू होतं, आणि सुनंदाताई घरीच होत्या.

पुढे एकदा सेठचा फोन आला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या एका प्रोग्रामबद्दल तोच प्रश्न आला होता. त्यांनी विचारल्यावर सुनंदाताई म्हणाल्या होत्या, हा माझा नव्हे. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्या कुणीतरी तो ऑफिसातल्या माणसाला फोनवरून टाकायला लावला होता.

"मैंने काढो दबाया," सेठ म्हणाले. "पढ़ के दबाया."

आता ही पट्टी आमच्या सगळ्या ग्राहकांना दिसते. मीटिंगमध्ये साहेबांनी तिला 'यूझर एम्पॉवरमेंट' म्हटलं. मी एवढंच शिकलो, की समोरच्याला उत्तर देता येत नसेल, तर आपण त्याला काही विचारलेलंच नसतं.