आई-बाळाच्या चित्राची बाटली

दिनांक १९ नोव्हेंबर १९९१, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील ही नोंद माझ्या हातची आहे. सेवेत असंख्य नोंदी केल्या आणि विसरले. या एका नोंदीमागची घटना मात्र मनातून गेलेली नाही. धुळ्याच्या रुग्णालयातून वर्दी आली होती: अमळनेर तालुक्यातील, आमच्या हद्दीतल्या एका खेड्यातली बाळंतीण, विषबाधेचा संशय, दृष्टी मंदावलेली, जबाब देण्याच्या स्थितीत नाही.

मी तेव्हा नवी उपनिरीक्षक होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन स्पर्धा परीक्षेतून खात्यात आले होते आणि एखादा मोठा गुन्हा स्वतः उघडकीस आणायचा, ही इच्छा लपवत नव्हते. आमच्या निरीक्षक साहेबांनी वर्दी वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बाईमाणसाचं प्रकरण आहे. तुम्हीच बघा."

रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाळंतिणीचा भाऊ आरडाओरडा करत होता. "पोरगी झाली म्हणून माझ्या बहिणीला विष घातलं! ह्या म्हातारीला आत घ्या, मॅडम, आत्ताच्या आत्ता!" म्हातारी म्हणजे बाळंतिणीची सासू. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात होती. गावात सगळे तिला अक्का म्हणत. मीही तेच म्हटले.

"अक्का, सुनेला खायला-प्यायला काय काय दिलं?"

"बठ्ठं घरनं," अक्का अहिराणीत म्हणाली, म्हणजे सगळं घरचंच. "डिंक, खोबरं, शेपा. मी तिले इख देसू का वं बाई?"

"दारू वगैरे?"

अक्काने गळ्यातली तुळशीची माळ पुढे ओढून दाखवली. "दारू? आम्हना घरमा? चार पिढ्या माळ शे गळामा!"

भावाच्या फिर्यादीवरून विष पाजल्याचा गुन्हा दाखल झाला. संशयित एकच होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "उलट्या, धाप, डोळ्यांपुढे पांढरं धुकं. बाळंतपणात रक्तदाब वाढला तरी असं दिसतं. पण तिचा रक्तदाब ठीक आहे. विष कोणतं ते कळल्याशिवाय मी उतारा काय देऊ? उशीर झाला तर डोळे कायमचे जातील." तपासाला मुदत होती ती एवढीच. न्यायालयाने घातलेली नव्हती, तिच्या डोळ्यांनी घातलेली होती.

दुपारी दोन पंच घेऊन अक्काच्या घराची झडती घेतली. डबे, मडकी, औषधाच्या पुड्या पाहिल्या; कीटकनाशकाचा डबाही नव्हता. शेवटी देवघरापाशी आले. तिथे विठोबाच्या मूर्तीशेजारी एक चपटी, उंच मानेची बाटली होती. लेबल पांढऱ्या काठाचे, मधोमध केशरी पदरातली आई मांडीवरच्या बाळाकडे पाहते आहे. वर ठळक देवनागरीत 'शक्तिवर्धक द्राक्षरस'. चित्र खरोखर सुरेख होते. एका पंचाने नकळत हात जोडले.

"अक्का, ही बाटली कसली?"

"ती? सरली ती. तापीनं पाणी भरी ठेयेल शे."

"त्याआधी काय होतं तिच्यात?"

"ताकदनी दवा. अमयनेरना बजारमा लिधी, चित्र दखी. सकाय-संध्याकाय एक कप." मग तिने खाटेखालून दुसरी, अर्धी भरलेली बाटली काढून दिली. सोबत आलेल्या जमादारांनी डोक्याला हात लावला. लेबलाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'टॉनिक वाइन' छापलेले होते.

अक्का खोटे बोलली नव्हती. मी दारूबद्दल विचारले, तिने दारूबद्दल उत्तर दिले. आमच्या भागात बाळंतिणीला ताकदीसाठी द्राक्षाची वाइन चमचा-चमचा देण्याची पद्धत होती. सोवळ्यातल्या घरांतही होती. तिला कोणी दारू म्हणत नसे. ती औषधात मोडे. बाटली तयार करणाऱ्याला ही पद्धत आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी स्पिरिटचा दिवा मागितला आणि विजेच्या वायरमधली तांब्याची तार सोलून घेतली. तार काळी पडेपर्यंत तापवली आणि बाटलीतल्या द्रवात बुडवली. तार लखलखीत होऊन बाहेर आली आणि नाकात झणका बसला: महाविद्यालयात बेडूक ज्या बरण्यांत ठेवलेले असत, त्या बरण्यांचा वास. साध्या मद्यार्काला तो वास येत नाही. मिथेनॉलला, म्हणजे विषारी लाकडी स्पिरिटला, येतो. हा न्यायालयात चालणारा पुरावा नव्हता. त्यासाठी सीलबंद नमुना रासायनिक विश्लेषकांकडे पाठवावाच लागला. पण डॉक्टरांनी वास घेतला आणि अहवालाची वाट पाहिली नाही.

"याच्यावर उतारा एकच," ते म्हणाले. "खरी दारू. ती शरीरात मिथेनॉलचं विष होऊ देत नाही. मोजून, नळीवाटे."

जमादार गणवेशातच परमिट रूममध्ये गेले आणि ब्रँडीची बाटली घेऊन आले. व्हरांड्यात अक्काने ती पाहिली आणि उठून उभी राहिली. "आते दारू पाजतस का तिले? पोलीसच दारू आनतस?"

डॉक्टरांनी तिला दोनदा समजावले. तिने माळ मुठीत धरली. मग म्हणाली, "पाप माले लागू दे. पाजा तिले."

आता प्रश्न बदलला होता. ही बाटली आणखी किती घरांत, किती बाळंतिणींच्या उशाशी आहे? ज्या मसालेवाल्याकडून अक्काने ती घेतली, त्याला माल आणून देणारा माणूस दर वेळी वेगळा असे. दारूबंदीच्या पथकाने धुळे आणि जळगावचे गुत्ते, बार पालथे घातले. एकाही बारवाल्याने ती बाटली पाहिलेली नव्हती. साहेब वैतागले. "दारू आहे आणि दारूवाल्यांना माहीत नाही?" मी म्हटले, "साहेब, ती दारूवाल्यांसाठी बनवलेलीच नाही. ज्यांनी जन्मात दारू घेतली नाही, त्यांच्यासाठी बनवली आहे." मग आम्ही द्रवाचा माग सोडला आणि चित्राचा धरला.

जमादार लेबल उजेडाकडे धरून म्हणाले, "मॅडम, ही बाई मी पाहिली आहे. जळगावात एका प्रसूतिगृहाच्या पाटीवर हिचीच बहीण बसलेली आहे." पाटी रंगवणारा लगेच सापडला. वयस्कर मुसलमान पेंटर, दुकानांच्या पाट्या आणि छापखान्यांसाठी चित्रे करणारा. सगळे त्याला मास्टर म्हणत. ठाण्यात आणला तेव्हा त्याच्या नखांत केशरी रंग होता. लेबल दाखवताच तो म्हणाला, "माहीत नाही, मॅडम. किती कामं येतात."

साहेबांनी मला हळूच सुचवले, "दोन ठेवून दिल्या की आठवेल." मी पाच मिनिटे मागून घेतली. माझे निरीक्षण असे होते, की मारणाऱ्यासमोर माणूस गप्प राहू शकतो, पण आपले काम हलके लेखणाऱ्यासमोर राहू शकत नाही.

"ठीक आहे," मी लेबल फाइलवर टाकत म्हटले. "नाही तरी हे कुठल्या तरी कॅलेंडरवरून उतरवलेलं दिसतं. बाळाचा हातही चुकला आहे."

मास्टर ताठ बसला. "उतरवलेलं? कॅलेंडरवाली आई तुमच्याकडे बघते, मॅडम. माझी आई बाळाकडे बघते. घेणाऱ्या बाईला वाटलं पाहिजे, मीच बसले आहे तिथे. और हाथ गलत नहीं है, बच्चा आँचल खींच रहा है!"

"कल्पना तुमचीच?"

"आधी अंगूर होते. घड, पानं, सोनेरी पट्टी. शेठ म्हणाला, खपत नाही. मीच सांगितलं, शेठ, औषधाच्या चपट्या बाटलीत घाला, पांढरा काठ ठेवा, आई काढतो." त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले. "मग खपायला लागली."

मी त्याला रुग्णालयातल्या बाळंतिणीचे सांगितले. आवाज न चढवता, जेवढे घडले तेवढेच. हसू गेले. तो उठून उभा राहिला, खुर्ची मागे पडली. "मॅडम, माझी मुलगी यावलला आहे. वीस दिवसांची बाळंतीण. शेठने एक बाटली मला भेट दिली होती. मी स्वतः नेऊन दिली."

"तुम्ही? वाइन?"

"वाइन कुठे लिहिलं आहे? मी चित्र काढलं, खालची इंग्रजी ओळ छापखान्याने टाकली. मला इंग्रजी वाचता येत नाही. मला ते औषधच वाटलं. माझंच चित्र बघून वाटलं!"

संशयिताला अटक करायची, की त्याच्या मुलीकडे जायचे? साहेबांनी क्षणात निर्णय दिला आणि त्याबद्दल मी त्यांना कायम मानले. "आधी यावल. जीप घ्या." केळीच्या बागांमधून जाताना मास्टरचा हात रस्ताभर गुडघ्यावर सारखा कसला तरी आकार काढत होता.

मुलीने दार उघडले. कडेवर बाळ. बाप काही विचारायच्या आधीच माझी नजर तिच्यामागच्या काचेच्या कपाटाकडे गेली. दोन प्लास्टिकच्या फुलांच्या मध्ये बाटली उभी होती, सील जसेच्या तसे.

"प्यायली नाहीस?" मास्टरने विचारले.

"अब्बा, तुम्ही काढलेलं चित्र आहे. उघडून खराब कशी करू?"

मास्टर उंबऱ्यावरच बसला. मुलगी गोंधळून म्हणाली, "अरे, काय झालं? पिते, रागवू नका!" जमादारांनी घाईघाईने बाटली ताब्यात घेतली. न फोडलेली, सीलसकट, अशी तपासात आमच्या हाती आलेली ती पहिली बाटली.

त्यानंतर मास्टरने काही लपवले नाही. शेठचे धुळ्यात लाकडाच्या पॉलिशचे दुकान होते. मिथेनॉल तिथे उघडपणे, पॉलिशसाठी म्हणून येत असे. छाप्यात साखर, द्राक्षाचा इसेन्स, रंग आणि चपट्या बाटल्या मिळाल्या. माळ्यावर धूळ खात पडलेल्या जुन्या बाटल्याही मिळाल्या, द्राक्षांच्या घडाच्या लेबलाच्या. विश्लेषकांच्या अहवालात दोन्हींतला माल एकच निघाला. घडाच्या लेबलाने कोणाचे नुकसान केले नव्हते, कारण ते कोणी घेतलेच नव्हते.

शेठ आधी फक्त पॉलिशबद्दल बोलत राहिला. मी दोन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एवढेच विचारले, "ही का पडून राहिली?" व्यापाऱ्याला गुन्ह्याबद्दल बोलायचे नसते, धंद्याबद्दल बोलायचे असते. तो म्हणाला, "घड बघून किराणावाल्याने दारू म्हणून परत केली. बारवाल्याने सरबत म्हणून परत केली. बाई-बाळ छापलं आणि मागणी पुरवता येईना."

"आणि मिथेनॉल?"

"स्वस्त पडतं. कपभराने काय होतंय, असं वाटलं." हे सांगताना त्याची नजर लेबलावरच होती.

घराघरांतल्या बाटल्या अजून बाहेर होत्या. रिक्षावर कर्णा लावून दवंडी दिली: बनावट मद्यापासून सावध राहा. एकही बाटली आली नाही. का येईल? कोणाच्याच घरात मद्य नव्हते. अक्काला विचारताना झालेली गल्लत आम्ही कर्णा लावून पुन्हा करत होतो. मी साहेबांना सांगितले, मास्टरला रंग आणि फळी द्या. तो जामिनावर होता. त्याने तेच चित्र माणसाच्या उंचीचे रंगवले, तीच आई, तेच बाळ, आणि वर स्वतःच्या हाताने जाड काळी फुली मारली. फुली मारताना तो थांबला होता. मी घाई केली नाही.

अशा पाट्या अमळनेर, यावल, धुळे, जळगावच्या बाजारांत आणि प्रसूतिगृहांपाशी उभ्या राहिल्या. बायका पदराखाली बाटल्या घेऊन ठाण्यात येऊ लागल्या. दोघींना अंधूक दिसत होते. त्यांना वेळेत रुग्णालयात पोहोचवता आले. एक आजी बाटली देऊन जागची हलेना. "काय झालं, आजी?" "बाटली ठेवा तुम्ही. चित्र तेवढं सोलून द्या ना."

अक्कावरचा आरोप मागे घेतला गेला. शेठवर दोषारोपपत्र गेले, मास्टर सरकारी पक्षाचा साक्षीदार झाला. पुढे त्याने पाट्यांवर पुष्कळ चित्रे काढली. छापायचा सगळा मजकूर वाचून दाखवल्याशिवाय काम घ्यायचा नाही, असे मात्र ऐकले.

या गुन्ह्याने मला शिकवले ते तपासाच्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. लोकांना प्रश्न विचारताना वस्तूला आपण काय म्हणतो हे महत्त्वाचे नाही, ते काय म्हणतात हे महत्त्वाचे. आणि विकायला आलेली कोणतीही वस्तू हातात घेतली, की आत काय आहे याआधी मी एक गोष्ट पाहते: ही कोणाशी बोलते आहे? ज्याच्याशी ती सर्वांत गोड बोलते, त्याच्याच दारात आधी जावे.

खटल्याच्या सुनावणीच्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाळंतिणीची अखेरची तपासणी केली. अक्का नातीला घेऊन दाराशी उभी होती. निरोगी डोळा जे अक्षर साठ मीटरवरून वाचतो, ते सुनेचा डावा डोळा सहा मीटरवरूनच वाचू शकत होता: ६/६०. तो तेवढाच राहणार होता. मग उजवा. ती एकेक ओळ खाली येत गेली, अडखळली, पुन्हा वाचली. तिने मान वळवली आणि दारातल्या मुलीला म्हणाली, "ये पोरी, काजय पसरी गये तुनं." डॉक्टरांनी आकडा सांगितला, मी केस डायरीत लिहिला. त्या गुन्ह्यातली माझ्या हातची ती शेवटची नोंद: उजवा डोळा, ६/१८.