खालची फळी

या माणसाविषयी सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. त्याचं नावही मला ठाऊक नाही.

साठ सालानंतर कधीतरी पुसदच्या एका लाकडाच्या वखारीत तो भेटला. आम्हा दोघांनाही घरच्या घरी कपाट करायचं होतं. मी दारासाठी रुंद फळी शोधत होतो. तो प्रत्येक फळी बोटांनी वाजवून कान लावायचा, मग वितीनं मापायचा. शेवटी सागाची एकच फळी त्यानं बाजूला काढली.

"एकच?" मी विचारलं.

"इतल्याच पैशात बसवा लागते, भाऊ. पोरीचे पुस्तकं वाळवीनं खाल्ले. वाळवी खालून चढते, म्हणून खालची फळी सागाची. वरचं आंब्याचं चालते." मग हसून म्हणाला, "सायकल घेऊन येतो. तवरिक हिच्यावर लक्ष ठेवजा."

इतकी रुंद, सरळ फळी वखारीत दुसरी नव्हती. मालकानं विचारलं, "ही कोणाची?"

मी म्हणालो, "माझी."

तो परतला तेव्हा फळी माझ्या बैलबंडीत होती.

"लय चांगलं लक्ष ठेवलं भाऊ तुमी," एवढंच म्हणून तो आंब्याच्या फळ्यांकडे वळला. मी पैसे मोजलेत, ही चोरी नव्हे, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

पावसाळ्यानंतर तो बाजारात दिसला. त्यानंच विचारलं, "झालं का कपाट?"

"झालं. तुमचं?"

"झालतं. वाळवीनं धरलं."

"फळी तुमची होती, मी खोटं बोललो, मला माफ करा," हे शब्द त्या दिवशी तोंडातून निघाले नाहीत, आणि तो पुन्हा कधी भेटला नाही.